इथून हत्ती उलटा दिसतो

घटस्थापनेच्या संध्याकाळी आमच्या सोसायटीत भोंडला होता. पार्किंगमधल्या दोन गाड्या बाहेर काढून जागा केली होती, फरशी धुतली होती आणि ती नीट वाळायच्या आतच मुलींनी फेर धरला होता. मधोमध पाट. पाटावर रांगोळीचा हत्ती, पाठीवर झूल, सोंडेत फूल, कडेनं झेंडूच्या पाकळ्या. फार देखणा काढला होता कुणीतरी. दोन गाणी झाली, तिसरं सुरू व्हायचं होतं, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची सहा वर्षांची पोर हात सोडून उभी राहिली. म्हणाली, "इथून हत्ती उलटा दिसतो." कुणीतरी समजावलं, अगं फिरायला लागलीस की दिसेल सरळ. ती फिरली. सरळ दिसायच्या जागी आली, तिथं क्षणभर रेंगाळली, मागच्या मुलीचा धक्का बसला, पुढे गेली, आणि पुन्हा उलट्या बाजूला येऊन पोहोचली. गाणं संपलं तेव्हा ती नेमकी पुन्हा तिथेच होती. या वेळी काही बोलली नाही. मान वाकडी करून बघत राहिली.

हत्तीचे पाय होते त्या बाजूला सगळ्यांचे फोन होते. फोटो तिथून निघत होते.

घरी आले, देवापुढचा दिवा बघितला, खिरापतीचा डबा घासून ठेवला, पण ती वाकडी मान काही डोळ्यांपुढून हलेना. फेराला पुढची बाजू नसते, मागची नसते. गोलात उभं राहिलेलं प्रत्येक माणूस मधल्या वस्तूपासून सारख्याच अंतरावर असतं, आणि तरी आपण मधे जे मांडतो त्याला डोकं असतं आणि पाय असतात. म्हणजे अर्ध्या मुलींना हत्ती उलटाच बघायचा. इतकी वर्षं मी भोंडला खेळले, खेळवला, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. का आलं नव्हतं याचा विचार करताना मिरजेचा वाडा आठवला, आणि वाड्याबरोबर काकू.

आमच्याकडे त्याला हादगा म्हणत. काही घरांत भिंतीला हत्तींच्या चित्राचा कागद लावून त्याला फळांच्या माळा घालत, आमच्या वाड्यात मात्र चौकात पाटच मांडत. सोळा दिवस. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत वाढत सोळाव्या दिवशी सोळा. खिरापतही तशीच वाढायची, आणि शेवटी शेवटी डबे ओळखता ओळखता आवाज बसायचे. पाट नेहमी दिंडी दरवाजाकडे तोंड करून असे, कारण मुली तिकडून यायच्या. काकू माजघराच्या उंबऱ्यात बसायची, पाटाच्या बरोबर मागल्या अंगाला. ती फेरात येत नसे. काका गेले तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती, आणि त्या घरात काही गोष्टी कुणी न सांगताच ठरलेल्या होत्या. उंबऱ्यात बसून ती क्रोशाचं विणकाम करायची आणि गाण्याचा एखादा शब्द चुकला की मान वर न करता दुरुस्त करायची. सोळा दिवस, इतकी वर्षं, तिनं हत्ती उलटाच बघितला असणार. तिनं तसं कधी म्हटलं नाही. मीही कधी तिच्या शेजारी बसून बघितलं नाही. मी फेरात होते ना.

मला क्रोशे तिनं शिकवलं. आधी नुसत्या साखळ्या, हातभर लांब, मग उसवायच्या आणि पुन्हा घालायच्या. मग मुका खांब, मग खांब. जाळीकाम यायला दोन वर्षं गेली, पण एकदा आलं की ते बाकी सगळ्यापेक्षा सोपं वाटतं, कारण त्यात दोनच गोष्टी असतात. पोकळ घर म्हणजे एक खांब आणि दोन साखळ्या. भरीव घर म्हणजे दोन साखळ्यांच्या जागी दोन खांब. या दोहोंतून मोर, हंस, कमळ, तुळशीवृंदावन, रुखवतातल्या नवरीचं नाव, काय हवं ते निघतं. काकू नक्षी काढायची ती आमच्या गणिताच्या चौकटीच्या वह्यांत. भरीव घराला फुली, पोकळ घर मोकळं. वर्ष संपलं की वहीतली उरलेली कोरी पानं आम्ही तिला द्यायचो. तिचे हंस सुरेख असत, मानेला उंच. मोरही उंच. हत्ती मात्र तिनं कधी विणला नाही. मी हट्ट केला होता एकदा, हादग्याचेच दिवस होते. म्हणाली, "चौकटीत हत्ती काढावा, तर विणल्यावर त्याचा घोडा होतो."

तेव्हा ते मला गमतीचं बोलणं वाटलं होतं. या नवरात्रात कळलं की ती अगदी मोजून बोलली होती.

त्याआधी या दिवसांबद्दल लिहायला हवं, कारण हे सगळं दुसऱ्या कुठल्या ऋतूत माझ्या हातून झालं नसतं. भाद्रपद सरता सरता हवेत काहीतरी सुटं होतं. पहाटे गॅलरीत उभं राहिलं की दंडावर गारवा येतो आणि दहा वाजता त्याच गॅलरीत उभं राहवत नाही. ऑक्टोबरच्या उन्हाला सगळे नावं ठेवतात, मला ते आवडतं. चार महिने ओलसर राहिलेल्या घराला ते ऊन लागतं, गाद्यांना लागतं, कपाटात कुबट झालेल्या रुमालांना लागतं. टेकडीवरचं गवत टोकाकडून पिवळं पडायला लागलेलं असतं. त्यात कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, वाटेच्या कडेला तेरडा, आणि डोक्यावर चतुरांचे थवेच्या थवे, एकाच उंचीवर तरंगणारे. खाली कोपऱ्यावरच्या बाई भुईमुगाच्या ओल्या शेंगा घेऊन बसायला लागतात. मिठाच्या पाण्यात उकडलेली शेंग दातांनी फोडली की आतलं कोमट खारट पाणी आधी जिभेवर येतं, दाणा नंतर. सीताफळं आलेली असतात, पण अजून डोळे उघडलेली नसतात. ती तांदळाच्या डब्यात ठेवून रोज चाचपायची. पहाटे पारिजातकाखाली चादर पसरलेली असते आणि उचलायला गेलं की देठाचा केशरी रंग बोटांना लागतो. आणि मधेच, दुपारी चारच्या सुमाराला, हस्ताचा पाऊस. श्रावणासारखा लाडिक नव्हे. टपोरे थेंब, गडगडाट, अर्ध्या तासात रस्त्याला नदी, आणि लगेच ऊन. तो येऊन गेला की मातीला जूनमधल्यासारखा वास येत नाही, पिकलेल्या गवताचा येतो.

विणणाऱ्या माणसाला शरदाचं आणखी एक सुख आहे. पावसाळ्यात बोटं चिकट असतात, स्टीलची सुई दोऱ्यात अडते, टाके घट्ट पडतात आणि आपल्याला कळतही नाही. हवा कोरडी झाली की दोरा तर्जनीवरून आपोआप सरकायला लागतो. 20 नंबरचा मर्सराइज्ड दोरा आणि बारीक सुई घेऊन सकाळच्या उन्हात बसावं, सुईचं टोक फासात जाताना होणारा अगदी बारीकसा खरखर आवाज ऐकू येईल इतकं घर शांत असावं, याहून मला जास्त काही लागत नाही.

तर दुसऱ्या माळेला मी ठरवलं की सगळीकडून सरळ दिसणारा हत्ती विणायचा. मोठा गोल रुमाल, पाटाऐवजी मधे अंथरता येईल असा, मीटरभर व्यासाचा. आधी नुसता हत्ती करून बघू म्हणून चौकटीच्या कागदावर एक काढला, 40 घरं रुंद, 31 ओळी उंच. ठेंगणा, पोट सुटलेला, समाधानी. दोन दिवसांत विणला. पट्टी लावली. रुंदी 20 सेंटिमीटर, हिशेबाप्रमाणे. उंची यायला हवी होती साडेपंधरा, आली अठराच्या थोडी वर. पाय लांब झाले होते, पोट आत गेलं होतं, मान उगवली होती. घोडा.

काकूची चौकट चौरस होती. विणलेलं घर चौरस नसतं.

माझ्या हाताला, या दोऱ्याला आणि या सुईला 10 सेंटिमीटरात आडवी 20 घरं बसतात आणि उभ्या 17 ओळी. म्हणजे प्रत्येक घर रुंदीपेक्षा उंच, 17 ला 20 या प्रमाणात. हंसाची मान यात ताणली गेली तर तो अधिकच डौलदार होतो, मोराचंही तसंच, म्हणून काकू पक्षी विणायची. तिला प्रमाण माहीत होतं. ते आकड्यात मांडायला लागणारा कागद तिच्याकडे नव्हता, आमच्या वह्यांची उरलेली पानं होती. मी संगणकावर एक्सेल उघडलं आणि स्तंभांची रुंदी 17 पिक्सेल, ओळींची उंची 20 पिक्सेल केली. एवढंच. पडद्यावर उभट घरांचा कागद तयार झाला. त्यावर हत्ती पुन्हा काढला, 40 घरं रुंद पण 26 ओळींचा. या वेळी कागदावर जसा दिसला तसाच तो सुईवरून उतरला. पोट, झूल, सगळं जागच्या जागी. मी तो नमुना हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले होते. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या एका वाक्याचं उत्तर मिळालं होतं, आणि ते वाक्य बोलणारी माझ्या लग्नानंतर तीनच वर्षांत गेली होती.

आता गोल. गोल विणणं म्हणजे दर फेरीला नेमकी किती घरं वाढवायची याचा प्रश्न. कमी वाढवली तर मधून वाटी होते. जास्त वाढवली तर कडेला झालर येते. लहानपणी माझ्या पहिल्या रुमालाला इतकी झालर आली होती की तो जमिनीवर ठेवला तर फुललेल्या शेवंतीसारखा उभा राहायचा. अशा झालरीला गणितात मोठं स्थान आहे हे मला फार उशिरा कळलं. 1997 साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डाइना टाइमिन्या या लॅटव्हियन गणितज्ञ बाईंनी ठरावीक प्रमाणात टाके वाढवत जाऊन अतिपरवलयिक पृष्ठाचा, म्हणजे कागदावर नीट मांडता न येणाऱ्या एका भूमितीचा, हातात धरता येईल असा नमुना विणला होता. त्याचं चित्र पाहिलं तेव्हा माझी शेवंती आठवून डोळे भरून आले होते. काकूनं ती उसवायला लावली होती, आणि तेव्हा तेच बरोबर होतं.

मला मात्र रुमाल सपाट हवा होता. एका ओळीची उंची 10 भागिले 17, म्हणजे साधारण 5.9 मिलिमीटर. वर्तुळ तेवढं वाढलं की परीघ वाढतो त्याच्या सव्वासहा पटीनं, साधारण 37 मिलिमीटर. एक घर 5 मिलिमीटरचं. म्हणजे दर फेरीला सुमारे साडेसात घरं वाढायला हवीत. साडेसात घरं कशी वाढवणार? मग सुचलं की वर्तुळाचा हट्ट कशाला, अष्टकोन करावा. अष्टकोनाची परिमिती जरा जास्त वेगानं वाढते, हिशेब केला तर दर फेरीला 7.8 घरं. आठाच्या अगदी जवळ. आठ कोपरे, दर कोपऱ्याला एक घर. आठ फाका, आणि प्रत्येक फाक दर फेरीला एका घरानं रुंद होणारी. पहिल्या फेरीत एक घर, दुसऱ्या फेरीत दोन, सोळाव्या फेरीत सोळा.

हे कागदावर लिहिलं आणि हात थांबला. हादग्याची गाणी अशीच वाढत.

आणि आठ फाका म्हणजे आठ हत्ती. ते मी ठरवलं नाही, दोऱ्याच्या जाडीनं ठरवलं. पण आठ म्हटल्यावर दिशांचे हत्ती आठवणारच. अमरकोशातला क्रम शाळेत पाठ केला होता तो तोंडात आला. ऐरावत, पुंडरीक, वामन, कुमुद, अंजन, पुष्पदंत, सार्वभौम, सुप्रतीक. पूर्वेपासून ईशान्येपर्यंत. पृथ्वी आठ बाजूंनी तोलून धरणारे. ज्या बाजूला उभं राहाल त्या बाजूला एक हत्ती तुमच्यासमोर सरळ, पाय तुमच्याकडे, पाठ मध्याकडे. समोरच्या बाजूचा उलटा दिसेल, तर दिसू दे. तो समोरच्या माणसाचा आहे.

त्यानंतरचे तीन-चार दिवस मी घरात असूनही घरात नव्हते. देवीला माळ घालताना, साबुदाणा भिजवताना, फुलपुडी सोडताना डोक्यात फाका फिरत होत्या. पहिला आराखडा फार भरगच्च झाला. मध्यभागी कमळ, मग वेलबुट्टी, मग हत्ती, आणि कडेला हात धरून उभ्या असलेल्या मुलींची रांग. मुलींवर मी दोन रात्री घालवल्या. परकराचा घेर सात घरांत जमतो, दोन वेण्या एकेका घरात येतात, हातही जुळतात. पण फाक दर फेरीला एका घरानं रुंद होते, त्यामुळे कोपऱ्यावर एखाद्या मुलीचा हात सुटतोच. कितीही जुळवलं तरी आठ कोपऱ्यांवर आठ हात सुटलेले. शेवटी एका पहाटे पारिजातकाची फुलं वेचताना कळलं की मुली विणायच्याच नाहीत. त्या भोवती असणारच आहेत. रुमालाची कड संपते तिथून त्यांचे पाय सुरू होतात. मग कमळही काढलं, वेलबुट्टीही काढली. मधल्या 45 फेऱ्या नुसती पोकळ जाळी, झाडलेल्या अंगणासारखी, आणि तिच्यात मधूनमधून पाच-सहा भरीव घरांची लहान लहान फुलं, पहाटे पडलेली. 46 व्या फेरीला हत्तींच्या पाठी सुरू होतात, 71 व्या फेरीला पाय टेकतात. मग जमीन, आणि 85 व्या फेरीला शेवट. एकंदर 29,240 घरं. शेवटच्या एका फेरीत 680. एवढं मोठं काम मी आजवर एकदाच केलं आहे, मुलीच्या लग्नातल्या पलंगपोसाचं, आणि त्याची नक्षी छापील पुस्तकातली होती. इथे चुकलं तर चूक माझी, आणि ती 46 व्या फेरीआधी दिसणारही नाही.

एक प्रश्न मात्र छळत राहिला. हत्ती कुठल्या दिशेनं चालायचे? प्रदक्षिणेच्या दिशेनं चालावेत असं मनात होतं. पण रुमालाच्या कडेला बसलेल्या माणसाला प्रदक्षिणा घालणारा हत्ती उजवीकडून डावीकडे जाताना दिसतो, आणि मी काढलेला हत्ती उजवीकडे तोंड करून होता. तो फिरवून पुन्हा काढला, तर तो मला ओळखीचा वाटेना. दोन्ही कागद शेजारी ठेवून मी अक्षरशः झुरले. त्याच सुमाराला दुसरी एक अडचण सोडवत होते. गोल विणताना फेरीमागून फेरी एकाच दिशेनं घातली की खांब जरासे तिरके सरकत जातात, आणि 80 फेऱ्यांत ही तिरकाई इतकी साठते की उभ्या रेषा कलतात. उपाय जुनाच, दर फेरीच्या शेवटी फेरी जोडायची, काम उलटं करायचं आणि आल्या वाटेनं परत जायचं. तसा नमुना विणून बघितला. रेषा सरळ उभ्या राहिल्या. शिवाय नेहमी फाकेच्या पहिल्या खांबावरच घर वाढवत गेलं तर ते एका फेरीला उजवीकडे आणि एका फेरीला डावीकडे आपोआप पडत होतं, फाक दोन्ही अंगांनी सारखी वाढत होती. मी नमुना उलटा करून मागची बाजू बघितली, आणि मागची बाजू नव्हतीच. दर फेरीला वळल्यामुळे दोन्हीकडे सारखेच टाके. एका बाजूनं हत्ती उजवीकडे जात होता, कापड उलटलं की डावीकडे.

म्हणजे ठरवायचं काही नव्हतंच. अंथरणाऱ्यानं ठरवावं.

खंडेनवमीला सुई, कात्री, टेप आणि तुळशीबागेतून आणलेला सगळा दोरा पाटावर मांडला. दोरा एकाच लॉटचा मिळवायला तीन दुकानं हिंडले होते, कारण पांढऱ्यातही पांढरे असतात आणि ते विणल्यावरच कळतं. सुईला हळदकुंकू लावलं. काकूची सुई आहे ती, मधली पकडायची चपटी जागा तिच्या अंगठ्यानं झिजलेली. माझा अंगठा तिच्याहून रुंद आहे, त्या खोलग्यात पुरता बसत नाही, पण इतक्या वर्षांत त्या अडचणीची सवय झाली आहे. त्या दिवशी सुईला हात लावायचा नाही हा नियम मी लहानपणापासून पाळत आले, आणि या वेळी तो फार जड गेला. तिन्हीसांजेपर्यंत तीनदा पाटापाशी जाऊन आले. दसऱ्याला पहाटे आठ साखळ्यांचं कडं घातलं, त्यात पहिली आठ घरं. आपट्याची पानं वाटून झाल्यावर रात्री बसले ती अकरा फेऱ्या करून उठले. पहिल्या फेऱ्या भराभर जातात. सुरुवातीला सगळंच भराभर जातं.

विसाव्या फेरीच्या पुढे कडेला किंचित लाट आली. येणारच होती, 7.8 च्या जागी आठ घेतले होते. मी ते ओलं केलं, जाड चादरीवर टाचण्यांनी आठही कोपरे ताणून बसवलं आणि दुपारच्या उन्हात गॅलरीत ठेवलं. काकू भाताच्या पेजेची खळ द्यायची, तशी शेवटी देईन. तासाभरात ऑक्टोबरच्या उन्हानं ते असं सपाट केलं की टाचण्या काढल्या तरी हललं नाही. कोरड्या सुती दोऱ्याचा, उन्हाचा आणि इस्त्री केल्यासारखा एक वास येत होता. तोंडाला लावून बघितलं.

कोजागरीला गच्चीवर दूध होतं. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला शेगडी मांडली होती, चारोळ्या, केशर, वेलदोडे घालून दूध आटत होतं, आणि चंद्र समोरच्या इमारतीच्या वर यायचा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरीला मी म्हटलं होतं की तुझा हत्ती दाखवते. ती लवकर आली. विणलेले 22 फेऱ्यांचे वर्तुळ बघून म्हणाली, "यात कुठंय?" खरंच होतं, अजून नव्हता. म्हणून मी एका फाकेचा आराखडा अर्ध्या आकारात छापून घेतला होता, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याच्या आणखी सात झेरॉक्स आणल्या होत्या. आठही त्रिकोण कापले. दोघी मिळून ते गच्चीच्या फरशीवर मांडत गेलो, टोकं मध्याला जुळवून, ऐरावतापासून. सात नीट बसले. आठवा बसेना. त्याची एक कड पहिल्या कागदावर चढत होती, बाहेरच्या अंगाला चांगली दोन बोटं.

"आजी, हा जास्तीचा आहे."

मी म्हटलं, जास्तीचा नाही, कागद ताणत नाही म्हणून तसं वाटतं, दोरा सामावून घेतो. तिला ते पटलं नाही. मी विणलेला तुकडा तिच्या हातात दिला. तिनं तो चारही बाजूंनी ओढून बघितला, डोळ्यांपाशी धरून त्याच्या घरांतून चंद्र आला का ते बघितलं, मग तो कागदांच्या बरोबर मधे ठेवला आणि फिरायला लागली. एकटीच. हळू, पाय जुळवत, दर कागदापाशी एकदा खाली बघत. या वेळी ती कुठे रेंगाळली नाही. दोन फेऱ्या झाल्यावर तिनं आठव्या कागदाची कड पहिल्याच्या वर होती ती काढून खाली सरकवली, थोडं मागे जाऊन बघितलं, आणि पुन्हा वर केली.

गच्चीच्या दाराला उंबरा आहे, पावसाचं पाणी जिन्यात येऊ नये म्हणून बांधलेला, वीतभर उंच. मी दूध ढवळता ढवळता पळी ठेवली आणि तिथे जाऊन बसले. कागद वाऱ्यानं जरा हलले होते, पण माझ्यासमोर एक हत्ती होता, पाय माझ्याकडे, पाठ चंद्राच्या बाजूला. दिशा लावून बघितली. नैर्ऋत्य. कुमुद.

"आजी," ती पलीकडून ओरडली, "तिथून सरळ दिसतोय?"

मी हो म्हटलं. मग दूध वर येताना दिसलं म्हणून उठले.